पहिली वेबसाइट बांधताना: आधी काय पक्कं करायचं आणि काय नंतरवर सोडायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: एचटीएमएल आणि सीएसएस (वेब पानं रचण्याच्या आणि सजवण्याच्या भाषा) कामापुरतं येतं, स्वतःच्या कामाची पाच-सहा पानांची वेबसाइट उभी करायची आहे, पुढे तिच्यावर नियमित लेख यावेत, त्यानंतर कदाचित ऑनलाइन अभ्यासक्रम आणि थोडी विक्री. दोन-तीन वर्षांनी सगळं पाडून नव्याने बांधायची वेळ येऊ नये, म्हणून आत्ताच वर्डप्रेस (साइट चालवण्याची तयार प्रणाली) घ्यावं, रिअ‍ॅक्ट (जावास्क्रिप्टमधलं पडदे बांधण्याचं साधन) शिकावं, की तयार साचे देणाऱ्या एखाद्या सेवेवर पानं मांडावीत?

साधनाबद्दल सांगतो, पण जरा उशिरा. बरीच वर्षं मी साइट बांधतोय, आणि त्याहून जास्त वेळ अडकून पडलेल्या साइट सोडवून दुसरीकडे हलवण्यात गेला आहे. त्यावरून माझं मत पक्कं झालं आहे की साइट वाढू शकेल की नाही, यात साधनाचा वाटा लहान असतो. डोमेन, म्हणजे साइटचं नोंदवलेलं नाव, कुणाच्या ताब्यात आहे, पानांचे पत्ते कसे ठेवलेत, मजकूर कोणत्या रूपात साठवलाय आणि या सगळ्याची प्रत तुमच्याकडे आहे का, यावर बहुतेक सगळं ठरतं. या गोष्टी नंतर बदलायला फार जड जातात. रंग, थीम (साइटच्या रूपाचा साचा), होस्टिंग (साइट जिथे ठेवली जाते ती भाड्याची जागा), अगदी वर्डप्रेस की दुसरं काही, हेसुद्धा बदलता येतं, फक्त आधीच्या गोष्टी नीट असाव्या लागतात.

‘वाढ’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर गर्दी येते: एकदम हजारो लोक आले तर? पहिल्या साइटसाठी ही सगळ्यात सोपी काळजी आहे. तयार एचटीएमएल फाइल नुसती उचलून द्यायची असेल तर साधा सर्व्हरही सेकंदाला शेकडो विनंत्या आरामात पुऱ्या करतो, आणि पुढे सीडीएन (पानांच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवरून देणारं जाळं) लावलं की त्यातल्या बहुतेक विनंत्या तुमच्या सर्व्हरपर्यंत पोचतही नाहीत. खरी कसोटी लागते ती पानं सहाची सहाशे होताना, लिहिणारा एक असताना चार होताना, आणि ज्याने साइट बांधली तो उपलब्ध नसताना. मी सोडवलेल्या अडकलेल्या साइटपैकी बहुतेक गर्दीने अडकल्या नव्हत्या. त्यांना हात लावायची कुणाची हिंमत राहिली नव्हती.

टिकाऊपणाचा विचार करताना एक गोष्ट मला नेहमी धीर देते. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत १९९१ मध्ये वेब जगासाठी खुलं केलं. त्या पहिल्या साइटची पानं सर्नने २०१३ मध्ये मूळ पत्त्यावर पुन्हा ठेवली, आणि ती आजच्या मोबाइलवरच्या ब्राउझरमध्येही उघडतात. याउलट एकेकाळी रुबाबदार मानल्या गेलेल्या, पूर्णपणे फ्लॅश या अडोबीच्या हलत्या चित्रांच्या तंत्रात बांधलेल्या साइट घ्या. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश प्लेयरचा पाठिंबा थांबवला आणि त्या साइट ब्राउझरमध्ये नेहमीसारख्या पाहण्याची सोय उरली नाही. साधं एचटीएमएल जितकं जगतं तितकं त्याच्यावर रचलेलं दुसरं काही जगत नाही. शंका आली की साध्याकडे झुका.

आता डोमेन. ते तुमच्या स्वतःच्या नावाने, तुमच्या खात्यातून नोंदवा. साइट बांधून देणाऱ्याच्या खात्यात ठेवू नका, मग तो कितीही ओळखीचा असो. एखाद्या सेवेच्या नावाखाली फुकट मिळणाऱ्या उपपत्त्यावर साइट सुरू करणं मला अजिबात पटत नाही. ती सेवा सोडलीत की जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे वाचकाला वळवण्याचा अधिकार बहुधा तुमच्याकडे राहत नाही. याहूने २००९ मध्ये जिओसिटीज ही फुकट पानं देणारी सेवा बंद केली तेव्हा लाखो लोकांची पानं त्या पत्त्यांसकट गेली. स्वतःचं डोमेन असतं तर मजकूर दुसरीकडे मांडून पत्ता तोच ठेवता आला असता.

डोमेनच्या खात्याला जो ईमेल द्याल तो त्याच डोमेनवरचा नको. हे बारीक वाटतं, पण मुदत संपून डोमेन बंद पडलं तर त्याच्यावरचा ईमेलही बंद पडतो, आणि नूतनीकरणाची सूचना किंवा पासवर्ड बदलण्याचा दुवा नेमका तिथेच जाऊन हरवतो. आपोआप नूतनीकरण चालू ठेवा, जमलं तर काही वर्षांचं एकदम करा. डॉट कॉमसारखी डोमेनं जास्तीत जास्त १० वर्षांसाठी घेता येतात. डोमेन एका कंपनीकडे आणि होस्टिंग दुसरीकडे ठेवलं तर होस्टिंगवाल्याशी बिनसलं तरी तुमचा पत्ता मोकळा राहतो. नाव निवडताना आजच्या एकाच कामाला ते बांधून घेऊ नका. छायाचित्रणाचे वर्ग घेता म्हणून नावात छायाचित्रण घातलं आणि तीन वर्षांनी चित्रपट-संकलन शिकवायला लागलात, तर नाव अपुरं पडेल.

दुसरी गोष्ट म्हणजे पानांचे पत्ते, आणि इथे मी तुमचा जास्त वेळ घेणार आहे. पत्ता एकदा जगात गेला की तो तुमचा एकट्याचा राहत नाही. लोक तो साठवून ठेवतात, एकमेकांना पाठवतात, दुसऱ्या साइट त्याला दुवा देतात, शोधयंत्र त्याच्यावर तुमची पत मोजतं. म्हणून पत्त्यात अशी एकही गोष्ट नको जी उद्या बदलेल. शेवटी ‘.पीएचपी’ किंवा ‘.एचटीएमएल’ दिसत असेल तर ते तंत्र बदललं की पत्ता खोटा पडतो. पत्त्यात विभागाचं नाव घातलंत आणि पुढे विभागांची फेररचना केलीत, तर त्या विभागातले सगळे पत्ते एका दिवसात मोडतात, आणि वाढणाऱ्या साइटमध्ये फेररचना ठरलेलीच असते. माझी शिफारस अशी: ‘/लेख/’ आणि ‘/अभ्यासक्रम/’ असे दोन-तीन कायमचे भाग ठेवा, त्यांच्यापुढे लेखाचं छोटं नाव, बस. तारीख बातमीसारख्या मजकुरालाच हवी. ज्या लेखात तुम्ही दरवर्षी भर घालणार, त्याच्या पत्त्यात २०२४ दिसलं की वाचक तो शिळा समजून पुढे जातो.

वर मी भागांची नावं वाचायला सोपी म्हणून देवनागरीत लिहिली. प्रत्यक्ष पत्ता मात्र रोमन लिपीत ठेवा असं माझं मत आहे. देवनागरी पत्ता चालतो, ब्राउझरच्या पट्टीत सुंदरही दिसतो. पण तो उचलून दुसरीकडे चिकटवला की अनेकदा त्याचं सांकेतिक रूप बाहेर येतं, ज्यात देवनागरीच्या प्रत्येक वर्णचिन्हाची नऊ चिन्हं होतात. ‘वेबसाइट’ एवढ्या एका शब्दाची ६३ चिन्हं! संदेशात असा दुवा पाहिला की लोक तो उघडायला बिचकतात. सगळी अक्षरं लहान ठेवा, शब्दांच्या मध्ये आडवी रेघ द्या. लिनक्स सर्व्हर फाइलच्या नावात लहान-मोठं अक्षर वेगळं मानतो, विंडोज सहसा मानत नाही. त्यामुळे स्वतःच्या संगणकावर व्यवस्थित दिसणारं चित्र सर्व्हरवर गेल्यावर गायब होतं आणि माणूस तासन्‌तास कोड तपासत बसतो.

सुरुवातीला डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू ठेवायचं की नाही, शेवटी तिरकी रेघ हवी की नको, हे काहीही ठरवा, पण एकच ठरवा आणि दुसरं रूप पहिल्याकडे वळवा. साइट दुसऱ्या भाषेत नेण्याची दूरची शक्यता जरी असली तरी भाषेसाठी पत्त्यात कुठे जागा करणार हे आजच कागदावर लिहून ठेवा. आणि कधी पत्ता बदलावाच लागला तर ३०१ हा कायमचा पुनर्निर्देश द्या, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेला माणूस आपोआप नव्याकडे वळेल. ३०२ तात्पुरत्या बदलासाठी आहे, त्यामुळे शोधयंत्र जुनाच पत्ता खरा धरून बसण्याची शक्यता असते. पान खरोखरच काढून टाकलं असेल तर ४१०, म्हणजे ‘हे पान कायमचं गेलं’ असा संकेत, देता येतो. सगळी हरवलेली पानं मुखपृष्ठाकडे वळवण्याची सवय मात्र वाईट. माणूस एक विशिष्ट गोष्ट वाचायला आलेला असतो, त्याला मुखपृष्ठावर आणून सोडलं तर आपण कुठे आलो हेच त्याला कळत नाही.

तिसरी गोष्ट, मजकूर आणि त्याचं रूप वेगळं ठेवणं. सहा पानं हाताने लिहिलीत तर वरची पट्टी आणि तळपट्टी सहा फाइलींमध्ये सहा वेळा येते. मेनूत एक दुवा वाढवायचा तर सहा ठिकाणी हात लावायचा. सहाला जमतं, साठाला चुकतं, सहाशेला कुणी करतच नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून साचा एका जागी आणि मजकूर दुसऱ्या जागी हवा. साचा कुठलंही साधन देईल. मजकुराची शिस्त मात्र तुम्हालाच पाळावी लागते. मथळा हा अर्थाने मथळा असला पाहिजे, ठळक आणि मोठं केलेलं वाक्य म्हणजे मथळा नाही. मजकुरात मध्येच रंग, फॉन्टचा आकार, रिकाम्या ओळींनी केलेली मोकळी जागा असं काही नको. उद्या साइटचं रूप बदलाल तेव्हा हे सगळे डाग मजकुराबरोबर नव्या घरात येतात, आणि मग ते एकेक करून पुसावे लागतात.

यातच पुढची पायरी आहे, जी नवखे लोक जवळजवळ नेहमी गाळतात. सारख्या प्रकारच्या गोष्टींची माहिती एका परिच्छेदात कोंबू नका, तिचे वेगळे रकाने करा. समजा तुम्ही अभ्यासक्रमांची माहिती देणार आहात. नाव, सुरुवातीची तारीख, कालावधी, कुणासाठी, शुल्क, हे प्रत्येक वेगळ्या रकान्यात असेल तर पुढे ‘येत्या महिन्यात सुरू होणारे अभ्यासक्रम’ अशी यादी साइट स्वतः तयार करेल. झालेले आपोआप खाली जातील. तीच माहिती एका लांब परिच्छेदात असेल तर प्रत्येक यादी हाताने करावी लागेल आणि एका ठिकाणची तारीख दुसऱ्या ठिकाणच्या तारखेशी कधीतरी जुळणार नाही. तारखा सगळीकडे वर्ष-महिना-दिवस या क्रमाने साठवा. वाचकाला दाखवताना हव्या तशा दाखवता येतात. मजकूर सर्वत्र युनिकोड या सगळ्या लिप्यांसाठीच्या समान सांकेतिक पद्धतीत, यूटीएफ-८ स्वरूपात असू द्या. जुन्या, स्वतःची वेगळी सांकेतिक पद्धत असलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर हलवताना आधी रूपांतर आणि मग ओळ न्‌ ओळ तपासणी करावी लागते. तो त्रास स्वतःहून ओढवून घेऊ नका.

आता साधन. तुम्ही एकटेच लिहिणार असाल आणि फाइल, फोल्डर यांची भीती नसेल, तर मी स्थिर साइट तयार करणारं साधन सुचवेन: ह्यूगो किंवा इलेव्हन्टी. तुम्ही मार्कडाउनमध्ये (मथळे, दुवे साध्या चिन्हांनी दाखवण्याची पद्धत) साध्या मजकूर-फाइली लिहिता, साधन त्यातून सगळ्या पानांचं एचटीएमएल बनवतं, आणि सर्व्हरवर फक्त तयार फाइली जातात. डेटाबेस नाही, सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम नाही, त्यामुळे हल्ला करायला जागा फार कमी आणि देखभाल नावापुरती. मोठा फायदा असा की मजकूर साध्या फाइलींमध्ये असतो. दहा वर्षांनी ते साधन बंद पडलं तरी फाइली कुठल्याही संपादकात उघडतील. तुम्हाला एचटीएमएल येतं, म्हणजे शिकण्याचं अर्धं काम झालेलंच आहे.

लिहिणारे अनेक असतील आणि त्यांना फाइलींशी घेणंदेणं नसेल, तर वर्डप्रेस. २००३ पासून ते चालू आहे, जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाइट त्याच्यावर आहेत, आणि तुम्ही नसलात तरी ते जाणणारा दुसरा माणूस सापडतो. या शेवटच्या मुद्द्याचं महत्त्व मी कमी लेखणार नाही. फक्त त्याला आवर घालावा लागतो. प्रत्येक छोट्या गरजेसाठी प्लगइन (जादा सोय देणारा जोड-प्रोग्राम) टाकत गेलात तर वर्षभरात वीस अनोळखी लोकांचा कोड तुमच्या साइटवर चालत असेल आणि त्यातला कुठला अद्ययावत व्हायचा थांबला हे तुम्हाला कळणार नाही. पानं ओढून-सोडून रचणारे पेज बिल्डर मी टाळतो. त्यातले काही मजकुरात स्वतःच्या चौकटी कंसातल्या खुणा पेरतात आणि ते बंद केलं की प्रत्येक पानावर त्या खुणांचा कचरा दिसायला लागतो. ‘अभ्यासक्रम’ असा स्वतंत्र मजकूर-प्रकार करणार असाल तर त्याची नोंदणी थीममध्ये करू नका, स्वतःच्या छोट्या प्लगइनमध्ये करा. थीममध्ये केलीत तर थीम बदलताच ते सगळे अभ्यासक्रम डॅशबोर्डवरून नाहीसे होतात. डेटाबेसमध्ये ते असतात, पण घाबरलेल्या माणसाला ते कोण सांगणार!

रिअ‍ॅक्ट जरूर शिका, पण या साइटसाठी त्याची गरज नाही. ज्या पानावर वापरकर्ता सतत काहीतरी करत असतो आणि पडदा त्या क्षणी बदलत राहतो, अशा अ‍ॅपसारख्या कामासाठी ते आहे. वाचायच्या लेखासाठी आधी मोठी जावास्क्रिप्ट उतरवायला लावणं म्हणजे साध्या फोनवर, मंद नेटवर वाचणाऱ्याला दारात थांबवणं आहे. तयार साच्यांची सेवा घ्यायची असेल तर तीही चालेल, दोन अटींवर: डोमेन तुमचं असावं, आणि मजकूर बाहेर काढण्याची सोय असावी. ती सोय आहे असं नुसतं वाचून विश्वास ठेवू नका. तीन खोटे लेख टाका, निर्यात करा, फाइल उघडून बघा. चित्रं आली का? मथळे मथळेच राहिले का? पैसे भरायच्या आधी ही अर्ध्या तासाची तपासणी करा.

चित्रांबद्दल थोडंसं. मूळ चित्रं वेगळ्या फोल्डरमध्ये कायम जपा आणि साइटवर त्यांची लहान रूपं टाका. आजचे फोन ४,००० पिक्सेल रुंद फोटो काढतात. तुमच्या लेखात तो जेमतेम ८०० पिक्सेलमध्ये दिसतो, पण न लहान करता टाकलात तर वाचकाला सगळं ओझं उतरवावं लागतं. मूळ जपायचं कारण असं की चित्रांची स्वरूपं बदलत राहतात. जेपेगनंतर वेबपी आलं, मग एव्हीआयएफ. मूळ हाताशी असेल तर नव्या स्वरूपात पुन्हा सगळी काढता येतात. प्रत्येक चित्राची रुंदी-उंची एचटीएमएलमध्ये लिहा, नाहीतर चित्र उतरताच खालचा मजकूर उडी मारतो. आणि पर्यायी मजकूर, म्हणजे चित्रात काय आहे ते सांगणारी ओळ, पहिल्या चित्रापासून लिहा. ज्याला चित्र दिसत नाही त्याच्यासाठी तेवढाच आधार असतो, आणि सहाशे चित्रं साठल्यावर मागे जाऊन ते लिहिणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ ला १ हवा, हेही आत्ताच रंग निवडताना तपासा.

चौथी गोष्ट प्रतींची. साइटचा कोड आणि मजकूर गिट या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात ठेवा. काय बदललं, केव्हा आणि का, हे दोन वर्षांनी स्वतःलाच विचारावं लागतं. पासवर्ड आणि गुप्त किल्ल्या मात्र गिटमध्ये कधीही नकोत, कारण एकदा इतिहासात गेलेली गोष्ट पुसणं कटकटीचं आहे. वर्डप्रेस असेल तर डेटाबेस आणि अपलोड केलेल्या फाइली, दोन्हींची प्रत हवी, आणि निदान एक प्रत होस्टिंगच्या बाहेर. होस्टिंगवालेच रोज प्रत घेतात यावर विसंबू नका, कारण खातंच बंद झालं तर त्या प्रतीही त्याच खात्यात असतात. वर्षातून एकदा ती प्रत स्वतःच्या संगणकावर उभी करून पाहा. परत उभी करून न पाहिलेल्या प्रतीला मी प्रत मानत नाही.

एचटीटीपीएससाठी, म्हणजे वाचक आणि साइट यांच्यातल्या सुरक्षित जोडणीसाठी, आता खर्चाचं निमित्त उरलेलं नाही. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून त्यासाठी लागणारी प्रमाणपत्रं विनामूल्य मिळतात. त्यांची मुदत मुद्दाम छोटी ठेवलेली असते, म्हणून नूतनीकरण आपोआप होईल अशीच व्यवस्था करा.

सदस्यांचं लॉगिन, प्रतिक्रिया, स्वतःची खरेदी-टोपली, यातलं काहीही आत्ता बांधू नका. विक्री सुरू कराल तेव्हा पैसे भरण्याचं पान एखाद्या पेमेंट सेवेचंच वापरा. कार्डाची माहिती तुमच्या सर्व्हरवर येताच कामा नये, कारण ती आली की तिच्या सुरक्षेचे कडक नियमही तुमच्यावर येतात. पहिल्या दिवसापासून मी एकच जादा गोष्ट सुचवेन: नवा लेख आला की कळवण्यासाठी वाचकांच्या ईमेलची यादी. त्यांची स्पष्ट संमती घेऊन ती बनवा, आणि कुठल्याही सेवेतून ती यादी बाहेर काढता येते याची खात्री करा.

हे सगळं पाळलंत तरी एक दिवस साइट हलवावी लागेलच. होस्टिंग बदलेल किंवा ह्यूगोवरून वर्डप्रेसकडे याल. तेव्हा क्रम असा ठेवा. आधी जुन्या साइटच्या सगळ्या पत्त्यांची यादी काढा, साइटमॅप (साइटच्या पत्त्यांची फाइल) आणि सर्च कन्सोल (गूगलच्या शोधात साइट कशी दिसते ते सांगणारी सेवा) दोन्हींतून, कारण एकात नसलेले काही दुसऱ्यात सापडतात. नवी साइट वेगळ्या, पासवर्ड लावलेल्या जागी पूर्ण उभी करा आणि यादीतला प्रत्येक पत्ता तिथे उघडतो का ते बघा. जे बदलले त्यांचे ३०१ लिहा. डीएनएस, म्हणजे डोमेनचं नाव सर्व्हरशी जोडणाऱ्या नोंदी, यातला टीटीएल (नोंद इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायची ती मुदत) बऱ्याच ठिकाणी ८६,४०० सेकंद, म्हणजे एक दिवस असतो. तो एक-दोन दिवस आधी ३०० वर आणा, म्हणजे बदल पाच-दहा मिनिटांत बहुतेक ठिकाणी पोचेल आणि बिघडलं तर तितक्याच लवकर मागे येता येईल. डीएनएस बदलताना ईमेल कुठे पोचवायचा ते सांगणाऱ्या एमएक्स नोंदी तशाच उतरवून घ्या, कारण साइट हलवताना ईमेल बंद पडण्याचं ते नेहमीचं कारण आहे. नवी साइट चाचणीपुरती शोधयंत्रांपासून लपवली असेल तर ती खूण काढायला विसरू नका. ती राहून गेली तर साइट डोळ्यांना व्यवस्थित दिसत राहते आणि शोधातून हळूहळू गळत जाते. जुनं होस्टिंग निदान महिनाभर चालू ठेवा, आणि त्या महिन्यात सर्व्हरच्या नोंदींमधले ४०४ (‘पान सापडलं नाही’ असे संकेत) दर दोन-तीन दिवसांनी पाहा. यादीतून निसटलेले पत्ते तिथेच सापडतात, आणि त्यांच्यासाठी ३०१ ची एकेक ओळ वाढवली की काम झालं.